धूर बांधणारा रामहरी

धुराला रंग असतो, हे मला रामहरी मिस्त्रीनं शिकवलं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय, इंजिन म्हातारं झालं. पांढरा म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. मी डी.एड. झालेला माणूस. चौथीच्या पोरांना परिसर अभ्यास शिकवायची स्वप्नं बघितली आणि बसलो कुठं, तर गेवराईच्या बाहेर, उमापूरच्या फाट्यावर, एका जुन्या हिरव्या व्हॅनमध्ये पीयूसीचं मशीन घेऊन. गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ड्रायव्हरला रेस करायला सांगायचं, आकडा मर्यादेच्या आत आला की कागद छापून द्यायचा. हाही परिसराचा अभ्यासच म्हणायचा. मास्तरकी मिळाली नाही, पण रामहरी मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणतो. त्यात थट्टा किती आणि माया किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याचं पत्र्याचं शेड माझ्या व्हॅनला लागूनच. नवखा ड्रायव्हर आधी माझ्याकडं यायचा, नापास व्हायचा आणि शिव्या देत त्याच्याकडं जायचा. जाणता आधी त्याच्याकडं जायचा. रामहरी गाडी चालू करायला लावायचा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी जुन्या धोतराचा पांढरा धडपा धरायचा. त्यावर पडलेला काळा डाग तो ड्रायव्हरच्या नाकासमोर नाचवायचा. “बग बे, ह्ये तुज्या गाडीचं पोट. आन तू म्हणतोस मशीन बिघडलंय.” नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण दिवसातून चार वेळा तरी कानावर पडायची. मग फिल्टर काढून झटकायचा, नोझल खोलायचा, डिझेलच्या पंपाला कान लावून बसायचा. किडकिडीत माणूस, वय अठ्ठावन्न, कानावर विडीचं थोटूक. गाडीशी जितकं बोलतो तितकं बायकोशी बोलत नाही, असं उज्ज्वलावहिनीच म्हणायच्या.

त्याचा जन्म उसाच्या फडातला. आई तोडीला गेलेली, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, बाळंत झाली आणि आठव्या दिवशी पुन्हा मोळ्या बांधायला लागली. हा सातव्या वर्षी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला लागला, बाराव्या वर्षी कोयता धरला. एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी त्यानं कोयता बांधावर ठेवला आणि फडात ट्रक दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीच्या मागं चालता झाला. आईला म्हणाला, “ह्यो हात परत कोयत्याला लागायचा न्हाई.” ही गोष्ट त्यानं मला पन्नासदा सांगितली असेल, आणि दर वेळी ऑइलनं काळा झालेला उजवा हात वर करून दाखवायचा. आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीसाठी वस्त्या रिकाम्या होतात, घरी म्हातारी माणसं आणि शेळ्या राहतात. त्या सगळ्या गर्दीतून आपला एक हात सुटला, याचा त्याला अभिमान होता. मला त्या अभिमानाचा हेवा वाटायचा, कारण माझ्याजवळ दाखवायला तसलं काही नव्हतं.

सगळं बिघडलं ते नवरात्रात. देवीचा यात काही दोष नाही. तोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर निघतात आणि टोळ्या नेणाऱ्या गाड्यांना साखर कारखान्यावर कागद दाखवावे लागतात. पूर्वी कुणी विचारत नव्हतं. हल्ली पीयूसी नसली तर गाडी लावून घेत नाहीत. त्यामुळं वर्षभर झोपलेले टेम्पोवाले त्या नऊ दिवसांत खडबडून जागे होतात आणि फाट्यावर रांग लागते. पंप खरोखर नीट करायचा तर तो उतरवून बीडला पाठवावा लागतो, चार दिवस जातात. चार दिवस कुणाकडंच नसतात. मग तीन हंगामांपूर्वी रामहरीनं धूर बांधायला सुरुवात केली.

धूर बांधणं म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. डिझेलच्या पंपाला एक स्क्रू असतो. इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल मिळेल ते तो ठरवतो. तो फिरवून डिझेल कमी केलं की धूर कमी होतो आणि माझ्या मशीनवरचा आकडा झरझर खाली येतो. पण गाडीची ओढ जाते. रिकामी गाडी चालते, ड्रायव्हरला फारसं कळतही नाही. भरलेली गाडी चढाला दम टाकते. म्हणून तपासणी झाली की गाडी परत शेडात आणायची आणि स्क्रू होता तिथं नेऊन ठेवायचा. याला तो धूर सोडणं म्हणायचा. मशीन खोटं बोलत नाही, असं मी लोकांना ठणकावून सांगायचो आणि ते खरंच होतं. खोटं आम्ही दोघं बोलत होतो.

रामहरीला याची लाज वाटायची. मला वाटत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

लाजेपोटीच त्यानं एक नियम केला होता. धूर बांधलेल्या गाडीच्या स्टेअरिंगला तो खूण बांधायचा. खूण आहे तोवर गाडीत माणूस भरायचा नाही, माल भरायचा नाही. खूण सोडायची ती त्यानंच, आधी पंपाचा स्क्रू परत फिरवून. सुरुवातीला तो चिंधी बांधायचा, पण ड्रायव्हर लोक ती तोडून तिलाच हात पुसायचे. मग त्याला युक्ती सुचली. त्यानं पूजेच्या दुकानातून लाल दोऱ्याचं रीळ आणलं, देवळात मनगटाला बांधतात तसला. मला म्हणाला, “मास्तर, चिंदी कुणीबी तोडंल. द्येवाचा दोरा तोडायची आपल्याकडं कुणाची छाती न्हाई.” खरंच, तीन हंगामांत एकही दोरा कुणी तोडला नाही. काय डोकं आहे, असं मलाही वाटायचं.

यंदा पाचव्या माळेला उमापूरकडचा एक सहाचाकी टेम्पो आला. टेम्पो अंगदचा, पण अंगद कारखान्यावर करार करायला गेलेला, म्हणून त्याचा धाकटा भाऊ सत्यम घेऊन आला होता. तो पुण्याला कंपनीत, रजेवर आलेला, सारखा घड्याळ बघत होता. टेम्पोचा धूर असा काळा की माझी नळी बाहेर काढल्यावर हात धुवावे लागले. मिस्त्रीनं धूर बांधला, मी कागद छापला. दोरा बांधताना रामहरीनं त्याला बजावलं, “दोरा निघूस्तर गाडी भरायची न्हाई. दसऱ्याआंदी आनून धूर सोडून घ्यायचा.” सत्यमनं मान डोलावली, टेम्पो घरापुढं लावला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेला. भावाला त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, दोरा निघाल्याशिवाय गाडी भरू नको. त्या नऊ दिवसांत आम्ही सदतीस गाड्या केल्या. त्यातली एक धूर सोडायला परत आलीच नाही, हे रामहरीच्या ध्यानात आलं नाही. माझ्या ध्यानात यायचा प्रश्नच नव्हता, माझं काम कागद छापला की संपायचं.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी दहाला छबुबाई बसमधून उतरली. छबुबाई म्हणजे अंगदची आई, साठीची, नऊवारीतली, चालताना जरा कंबरेत वाकणारी. सरळ शेडात गेली आणि रामहरीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मलाही हाक मारून दिला.

“परसाद घ्या, मिस्त्री. आमची गाडी टोळी घिऊन आठालाच हालली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठिवलं, समदं येवस्थित झालं. आमच्या शेजारची मंगल आन तिचा तानाजीबी त्यातच गेलेत. ती मागं फळीपाशी बसलीय, भांड्याचं गठुडं धरून. म्हणली, काकू, येताना तुमाला साकर आनते.”

बोलता बोलता तिनं पदराची गाठ सोडली. आत लाल दोरा होता, ऑइलनं काळपट झालेला.

“आन ह्यो तुमी बांधलेला म्हनं. खंडेनवमीला म्या गाडी धुतली. ह्यो लई मळला व्हता. आसा मळका दोरा द्येवाला बरा दिसत न्हाई, म्हनून इळ्यानं कापला आन झेंडूची माळ घातली. टाकून कसा द्यावा? गोदावरीत सोडते म्हणलं. पन नाव घिऊन सोडावा लागतो. कंच्या द्येवाचा व्हता, मिस्त्री?”

रामहरीच्या तोंडात खोबरं होतं. त्यानं ते चावलं नाही आणि गिळलंही नाही.

“अंगद माज्याकडं कावून आला न्हाई?” त्यानं विचारलं.

“त्यो म्हणला, दोरा न्हाई स्टेरिंगला, म्हंजी सत्यमनं काम करून घेतलंय. कंचं काम, ते मला काय ठावं.”

“गाडीत किती मानसं हायेत?”

“पोरासोरांसकट बत्तीस.”

बीडपर्यंत सपाट रस्ता. बीड ओलांडलं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. रिकाम्या गाडीला तो काही नाही. बत्तीस माणसं, त्यांच्या ज्वारीच्या गोण्या, पत्र्याच्या पेट्या, सरपण, दोन शेळ्या असा सगळा संसार भरलेला टेम्पो बांधलेल्या धुरावर घाट चढणार नव्हता. आणि जुना टेम्पो चढावर बंद पडला की नुसता उभा राहत नाही. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा जोर गेला, पाय दाबून दाबून ड्रायव्हर दमतो आणि गाडी मागं यायला लागते. हे रामहरीला माहीत होतं. मलाही माहीत होतं, त्यानंच शिकवलं होतं. तो टेम्पो पावणेनऊच्या सुमारास आमच्याच फाट्यावरून गेला असणार. शेड उघडायचं होतं आणि मी चहा पीत होतो. झेंडूची माळ मी बघितलीही असेल.

छबुबाईच्या फोनवरून अंगदला लावला. घंटा वाजत राहिली. टोळी निघाली की गाणी मोठ्यानं लावतात, त्याला कुठून ऐकू येणार. पुन्हा लावला, पुन्हा तेच. छबुबाईला अजून काही कळलं नव्हतं, ती एकदा त्याच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मघाचं समाधान तसंच राहिलं होतं आणि ते बघवत नव्हतं.

“मास्तर, पोलिसास्नी फोन लाव,” रामहरी पाने-पकडी गोळा करत म्हणाला. “तुज्याकडं गाडीचा नंबर हाय. घाटाच्या आंदी आडवा म्हणावं, कुटंबी आडवा.”

मी फोन काढला. एकशे बारा, तीनच आकडे. अंगठा त्यावर नेला आणि मला पुढचं सगळं दिसलं. गाडी का अडवायची? धूर बांधलाय. पास कुणी केली? अमुक केंद्र, अमुक परवाना. माझी व्हॅन, माझं मशीन, बारा वर्षं भरतीची वाट बघून शेवटी हातात आलेली ही एक गोष्ट. मी फोन कानाला लावला. पलीकडं काहीच नव्हतं, कारण मी काही लावलंच नव्हतं. पाच-सहा श्वास घेतले आणि म्हणालो, “लागत नाही.”

जगातल्या सगळ्या खोटारड्यांवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलं. भरती काढतो म्हणणाऱ्यांवर, सही करतो म्हणणाऱ्यांवर, उद्या या म्हणणाऱ्यांवर. माझी वेळ आली तेव्हा मला खोटं बोलायला पाच-सहा श्वास लागले.

मोटारसायकल चालू केली. रामहरी मागं बसला, एका मुठीत पाना, दुसऱ्या मुठीत स्क्रू ड्रायव्हर. व्हॅनचं दार उघडंच राहिलं. अंगावर येणाऱ्या ट्रकांची मला भीती वाटली नाही, वाटायला जागाच नव्हती. मागून रामहरी सारखा एकच बोलत होता, “म्या मोजाया पायजे व्हत्या. सदतीस गाड्या, सदतीस दोरं. म्या मोजाया पायजे व्हत्या.” मी म्हणालो, “मिस्त्री, गप बसा.” मी गाडी आणखी दामटली.

टोलनाक्यावर विचारलं, झेंडूची माळ घातलेला टेम्पो. नाक्यावरचा माणूस म्हणाला, सकाळपासून माळ नसलेला टेम्पो बघितला नाही. बरोबरच होतं. दसऱ्यानंतर कोणती गाडी माळेशिवाय असते. रामहरी उतरून तिथंच उभ्या असलेल्या दोन टेम्पोंच्या आत वाकून बघून आला. दोन्हीत टोळ्या होत्या, बायका-पोरं त्याच्याकडं बघत होती.

बीडच्या बायपासला एका पंपावर पत्ता लागला. डिझेल भरणाऱ्या माणसानं नंबर ओळखला. “व्हता की. पाऊण तास उभा व्हता हितं. चाकात हवा भरली, च्या पिली, लेकरास्नी बिस्किटं घेतली. जाऊन आर्धा तास झाला आसंल.”

मी मनात हिशेब केला, करायला नको होता तरी केला. दहा वाजून दहा मिनिटांनी मी फाट्यावर कानाला मुका फोन लावून उभा होतो तेव्हा तो टेम्पो इथं, पोलीस चौकीपासून हाकेच्या अंतरावर, उभा होता. लेकरं बिस्किटं खात होती.

घाटाच्या पायथ्याशीच गाड्या थांबलेल्या दिसल्या. मी कडेकडेनं मोटारसायकल वर काढली. रामहरी चालत्या गाडीवरून उतरला आणि पळायला लागला. तिसऱ्या वळणाच्या अलीकडं टेम्पो रस्त्यात आडवा उभा होता, मागची बाजू पुलाच्या कठड्याला टेकलेली. गोण्या फुटून ज्वारी रस्त्यावर सांडली होती. माणसं डोंगराच्या बाजूला बसून होती. कुणी लेकरू छातीशी धरलेलं, कुणी नुसतंच रस्त्याकडं बघत. काचेवर माझा कागद चिकटवलेला होता, पास.

अंगद रस्त्यावरच उकिडवा बसला होता. विचारण्याआधीच सांगायला लागला. “मिस्त्री, वढंचना. दुसऱ्यात टाकली, पयल्यात टाकली, वढंचना. मंग बंदच पडली. ब्रेक दगडावानी झाला. मागं याया लागली. म्या वराडलो, उड्या टाका. मंगल मागं फळीपाशी व्हती, तिनं उडी टाकली. पळाया पायजे व्हती ना ती? तिनं धोंडा उचलला आन चाकाखाली लावला. धोंडा सरकला. तिनं हातानं दाबून धरला, मिस्त्री. मंग तानाजीनं दुसरा धोंडा लावला तवा गाडी थांबली.”

“मंगल कुटं हाय?”

“नेली सिव्हिलला. ईस मिन्टं झाली. हात पार...”



बत्तीस माणसांत एकतीस धडधाकट होती. रामहरी तिथंच बॉनेटपाशी उभा राहिला, आणि जे बोलला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. धूर म्या बांधला. दोरा माझा होता. ह्या पोराची काही चूक नाही, गाडीची नाही, म्हातारीची नाही. शब्द न् शब्द नीट होता. कुणी अंगावर धावून आलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी आलं नाही. मग तो बॉनेटमध्ये वाकला आणि स्क्रू परत फिरवायला लागला. स्क्रू ड्रायव्हर तीनदा सटकला, तीनदा त्यानं तो परत खाचेत बसवला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच. पण रस्ता मोकळा करायचा तर गाडी हलवणं भाग होतं. चालू केली तेव्हा सायलेन्सरमधून काळा लोट निघाला आणि टेम्पो एका झटक्यात कठड्यापासून सुटला.

पोलीस आले तेव्हा त्यानं त्यांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, काचेवरचा कागद बघितला, गाडी चढावर बंद पडली असं लिहिलं आणि गर्दी हटवायला लागले. मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडं बोट दाखवायला रामहरीला एक क्षण लागला असता. त्यानं माझं नाव घेतलं नाही.

मंगलच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात छबुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, दोरा निघाला म्हणून झालं. तेवढंच तिच्यापर्यंत पोचलं होतं. ती नुसतं थोबाडीत मारून घ्यायची. “म्या द्येवाचा दोरा कापला. ह्याच हातानं कापला.”

रामहरी तिच्यापुढं खाली बसला. “मावशी, त्यो द्येवाचा न्हवता. माजा व्हता. गाडी भरू नये म्हनून खूण बांदलेली. दुकानातनं आनलेला साधा दोरा.”

 ती अगदी हळू आवाजात, रागावूनही नाही, म्हणाली, “मंग तुमी द्येवाचा कावून घेतला, मिस्त्री? चिंदी बांदली आसती तर म्या इचारलं आसतं, ही घाण कुणी बांदली म्हनून.”

 तीन वर्षं ज्या युक्तीवर आम्ही दोघं खूश होतो, ती त्या व्हरांड्यात त्या बाईनं एका वाक्यात उलटी करून ठेवली. रामहरी उठला आणि नळावर जाऊन उजवा हात धूत बसला. मी मागं उभा होतो. तो डाग कधीच निघणारा नव्हता, चाळीस वर्षांचं ऑइल ते, पण तो धूतच राहिला. मी त्याचा हात धरून नळ बंद केला तेव्हा तो रडायला लागला.

चौथ्या दिवशी मुकादम रामेश्वर दवाखान्यात आला. टोळी दुसऱ्या गाडीनं कारखान्यावर पोचली होती, तानाजी तेवढा मागं राहिलेला. तोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. रामेश्वर वाईट माणूस नाही, मंगलसाठी शहाळं घेऊन आला होता. पण तानाजीला म्हणाला ते खरंच म्हणाला, “आर्धा कोयता म्या फडात कसा उभा करू? बाईमानूस बघ कुणी, बहीन बघ, न्हायतर बस घरी.” तानाजीला बहीण नव्हती. खाटेवर मंगल तोंड भिंतीकडं करून पडली होती. पट्टीतला हात तिनं पोटाशी घेतलेला. घरी बसायचं म्हणजे काय, ते त्या दोघांना ठाऊक होतं.

रामहरी रोजच्यासारखा दाराशी उभा होता.

“आर्धा म्या,” तो म्हणाला.

कुणाला कळलंच नाही. रामेश्वर म्हणाला, “मिस्त्री, थट्टेची येळ हाय का ही?”

“मोळी बांदाया येती मला. आईनं शिकवलीय. वझं हुतंय तवर नीन.”

तानाजी नको म्हणाला, पुन्हा नको म्हणाला. मीही बाहेर नेऊन समजावलं, तुमचं वय काय, उसाचं पातं काय, थंडी काय. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मास्तर, तिचा हात माज्याकडं हाय.”  उज्ज्वलावहिनींनी दोन घोंगड्या, ठेच्याची बरणी आणि आठ दिवसांच्या भाकरी बांधून दिल्या. भाकऱ्या थापताना त्यांची पाठ माझ्याकडं होती, आणि ती हलत होती.

दुरुस्त झालेला टेम्पो घेऊन अंगद एका सकाळी रामहरी आणि तानाजीला न्यायला फाट्यावर आला. रामहरीनं शेडला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडं दिली. लाल दोऱ्याचं रीळ त्यानं आधीच छबुबाईला दिलं होतं, गोदावरीत सोडायला. तानाजीनं नवा कोयता आणि मोळीचं सामान आत ठेवलं. रामहरी मागच्या फळीपाशी चढायला गेला, मंगल बसली होती त्याच जागी. तेव्हा मला राहवलं नाही.

“मिस्त्री,” मी म्हणालो, “त्या दिवशी फोन लागत होता. मी लावलाच नाही.”

तो फळी धरून थांबला. मला वाटलं आता थुंकेल माझ्यावर, आणि मी त्यासाठी तयार होतो. मी ते मागतच होतो.

“ठावं हाय,” तो म्हणाला. “तुजा आंगठा बटनावर टेकलाच न्हवता. म्या बगितलं.”

“मग बोलला का नाहीत?”

 टेम्पो चालूच होता, खालचा पत्रा थरथरत होता.

“मलाबी तेच भ्याव व्हतं, मास्तर. म्हनून दुसऱ्यांदा म्हणलो न्हाई.”

मग तो वर चढला आणि गोणीवर बसला. अंगदनं गिअर टाकला. सोडलेला धूर काळा, जाड, व्हॅनवर आला, माझ्या अंगावर आला, आणि मी बाजूला झालो नाही.

शेडची किल्ली माझ्या खिशात आहे. मी व्हॅनमध्ये बसतो. गाडी आली की नळी घालतो, नापास झाली की नापास म्हणतो, आणि ड्रायव्हर विचारतो, शेजारचा मिस्त्री कुठं गेला. मोळ्या बांधायला गेला, असं मी सांगतो.